शाल उसवली त्याबद्दल

९ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

पत्रात आधी खुशाली लिहायची असते, तर ती घ्या. बाबा ठीक आहेत. जेवण जातंय, पोट साफ आहे, पडून राहून पाठीवर उठलेला लाल चट्टा गेला. ह्यांचा ट्रक मागच्या आठवड्यात आला होता, दोन दिवस राहून माल भरून पुन्हा गेले. तुम्ही नीट पोचल्याचं त्यांच्याकडून कळलं. तुमच्या वसतिगृहातल्या मुलींची परीक्षा जवळ आली असेल, म्हणजे तुम्हालाही उसंत नसेल.

खुशाली संपली.

फोन न करता पत्र का, असं मनात येईल. फोनवर मी ‘वन्सं’ म्हणते आणि मग शेवटपर्यंत ‘हो, हो’ म्हणत राहते. माझं वाक्य मध्ये शिरायला जागाच नसते. कागद बिचारा मध्ये बोलत नाही.

तुम्ही माझी शाल उसवलीत. त्याबद्दल हे पत्र आहे.

तुम्ही निघालात त्या सकाळी मी काही बोलले नाही. डबा दिला, रिक्षा बोलावली, वाकून नमस्कारसुद्धा केला. तुम्ही रिक्षात बसता बसता म्हणालात, “अगं, पुन्हा विणायला कितीसा वेळ, तुझा हात तर चालतोच.” मी हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

हात चालतो म्हणजे कधी चालतो, ते सांगते. सकाळी उठल्यापासून बाबांचं आवरणं, कूस बदलणं, चादरी. बाबांना दिवसभर सांभाळणाऱ्या बाई दहाला येतात तेव्हा मी चपला घालूनच उभी असते. मग दिवसभर चष्म्याचं दुकान. कुणाच्या नाकावर फ्रेम बसत नाही, कुणाचा कान दुखतो. एक गृहस्थ तिसऱ्यांदा चष्मा परत घेऊन आले, का तर त्यातून जिन्याच्या पायऱ्या खोल दिसतात. मी म्हटलं, मान खाली घालून बघा. ते म्हणाले, “मी आयुष्यात कुणापुढे मान घातली नाही!” अशा माणसांशी गोड बोलून घरी यायचं, की पुन्हा स्वयंपाक, औषधं, कपडे. यात विणायला मिळतं ते दुपारच्या डब्यानंतर थोडं, दवाखान्यात नंबर येईपर्यंत थोडं, आणि बाबा जेवतात तेव्हा. डाव्या हाताने ते स्वतः जेवतात. मदत केलेली आवडत नाही, पण कुणी तरी जवळ लागतं, ठसका लागला तर. तेवढा वेळ मी त्यांच्यासमोर बसून विणते. त्यांचा एक घास, माझे पाच-सहा टाके. अशी झाली होती ती शाल.

ती मानेपाशी मूठभर टाक्यांनी सुरू होते आणि प्रत्येक ओळीला रुंदावत जाते. सुरुवातीला वाटतं, चुटकीसरशी होईल. पुढे पुढे एक ओळ संपवायला दोन दिवस लागतात. तुम्ही जो भाग उसवलात तो रुंद होता, वन्सं. अरुंद तेवढा ठेवलात.

जाळीतल्या पानांच्या नक्षीत चूक होती, हे मला माहीत होतं. एका पानाचं भोक एक टाका डावीकडे गेलं होतं. बघितलं, बसून विचार केला, आणि राहू दे म्हटलं. माझी शाल, माझी चूक, माझ्याच पाठीवर राहणार. कोणाला देणार आहेस, असं तुम्ही मला दोनदा विचारलंत. मी ‘बघू’ म्हटलं, कारण ‘मलाच’ म्हणायची लाज वाटली. बहुधा म्हणूनच तुम्हाला वाटलं असेल, की भेट द्यायची वस्तू आहे, बिनचूक हवी.

आणि तो पांढरा दोरा! ‘मधून एक भलताच दोरा गेला होता तोही काढून टाकला,’ असं तुम्ही वर कौतुकाने सांगितलंत. तो भलता नव्हता. जाळीचं विणकाम निसटलं की पार खालपर्यंत धावत जातं, म्हणून मधल्या एका ओळीतून दोरा ओवून ठेवायचा असतो. उसवलं तरी तिथे येऊन थांबतं. तुम्ही पहिल्यांदा तोच ओढलात.

मी दुकानातून आले तर पलंगावर लोकरीचा गुंडा. काय घट्ट, काय गोल! उसवलेली लोकर आधी धुऊन, वजन लावून वाळवावी लागते, नाहीतर कुरळी राहते. पण ते असो.

या सगळ्यावर मी पाणी सोडलं असतं. मला पत्र लिहायला लावलं ते तुमच्या एका वाक्याने. “मी एकटीच म्हणत नाही, बाबासुद्धा ‘बरोबर, बरोबर’ म्हणत होते.”

वन्सं, पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांना तेवढा एकच शब्द उरला आहे. जन्मभर शिंपीकाम करताना गिऱ्हाइकाला आरशापुढे उभं करून, खांद्यावरची शिवण ओढून ‘बरोबर?’ विचारलं, तोच राहिला. पाणी हवं तरी बरोबर, नको तरी बरोबर. डास चावला तरी बरोबर. खालच्या पट्टीत, सावकाश आलं तर होकार. वर चढलं आणि सोबत डावा हात आपटला तर साफ नकार. दोनदा, घाईत आलं तर लघवी. हे काही गुपित नाही, बाईंनासुद्धा आठवड्याभरात कळलं.

त्या दुपारी काय झालं ते बाईंनी मला सांगितलं. त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. खाली आरडाओरडा ऐकून धावत आल्या तर तुम्ही खुर्चीत बसून उसवताय आणि बाबा पलंगाच्या कठड्यावर हात आपटून ‘बरोबर! बरोबर!’ ओरडताहेत, तोंड लालबुंद. तुम्ही बाईंना म्हणालात, “बघा, बाबांनाही पटलंय.”

ते तुम्हाला थांबवत होते, वन्सं. त्यांच्याकडे होता नव्हता तेवढा सगळा शब्द वापरून थांबवत होते.

उत्तराची घाई नाही.

तुमची वहिनी


३ मार्च

वन्संना नमस्कार.

बाबा बरे आहेत. हवा बदलली म्हणून थोडा खोकला होता, गेला.

तुमचं पत्र आणि पार्सल एकाच दिवशी मिळालं. पार्सलमधली शाल बाईंना दिली. मशीनची असली तरी चांगली आहे, त्यांच्या सुनेला आवडली. तुम्ही लिहिलंय, ‘तुझी होईपर्यंत ही वापर.’ मला थंडी वाजत नव्हती हो. कुणाचं पोर धडपडून रडलं म्हणून त्याला बाहुली आणून देतात तसं केलंत.

पण शालीचं राहू दे. पत्रातल्या खालच्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या असतील! ‘माझ्या घराजवळ आजारी वृद्धांना सांभाळणारी एक चांगली संस्था आहे. जागा बघून ठेवली आहे. बाबांना तिथे असतानाच विचारलं होतं, त्यांनी होकार दिला. भाऊही हो म्हणाला. महिनाअखेर ने-आण ठरवू.’

झालं! तुम्ही विचारलंत, बाबा ‘बरोबर’ म्हणाले, भाऊ हो म्हणाला. उरलं कोण? चादरी बदलणारी. तिला कशाला विचारायचं, तिला कळवलं की पुरे.

मी ह्यांना फोन लावला. कुठल्याशा धाब्यावर जेवत होते.

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“अगं, ताई म्हणाली...”

“तुम्हाला माहीत होतं का, एवढंच विचारलं मी.”

“होतं. तुला सांगणारच होतो. तुझ्यासाठीच चाललंय ना हे. तू किती दमतेस.”

“मी दमते, हे तुम्हाला ताईंनी सांगितलं?”

त्यावर म्हणाले, “तुम्ही दोघी आपसात बघून घ्या बाई, मला मध्ये घेऊ नका.” स्वतःचे वडील आणि म्हणे मध्ये घेऊ नका. मी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचे आले, मी उचलले नाहीत. बाबांचा निरोप असेल तेवढाच बाईंकडून जातो.

तुम्हाला वाटत असेल, हिला सासऱ्यांचा एवढा पुळका कुठून आला. पुळका नाही. बाबा आणि मी काही गळ्यात गळे घालणारे नाही. धडधाकट होते तेव्हा माझ्या हातच्या काजांना नावं ठेवायचे, शेजारणीदेखत. तेव्हा मी रडले आहे. पण झटक्यानंतर ते दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून पडायचे, तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून ही शाल सुरू केली, आणि एक दिवस त्यांनी मान वळवली. माझ्या सुईवरून एक टाका सुटला होता, तो त्यांना दिसला. चढ्या आवाजात ‘बरोबर!’ म्हणजे चुकलं. मला असा राग आला, की बोलता येत नाही तरी नावं ठेवायची सोय झालीच यांची! आणि मग मला हसू आलं. त्यांनाही आलं, अर्ध्या तोंडाने. तेव्हापासून लोकरीचा गुंडा त्यांच्या मांडीवर असतो. धागा सोडायचं काम त्यांचं. तुम्ही दहा दिवस होतात, गुंडा मांडीवर का असतो हे एकदाही विचारलं नाहीत. घरंगळू नये म्हणून ठेवलाय असं वाटून रोज उचलून टोपलीत ठेवत होतात.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. तुम्ही वसतिगृहात चारशे मुलींच्या खाटा तपासता. खाट नीट दिसली की मुलगी नीट आहे असं धरून चालता. इथेही तसंच केलंत. स्वयंपाकघरातले डबे उंचीने लावलेत, औषधं रंगाने लावलीत (सकाळची आणि रात्रीची एकत्र झाली, बाईंनी वेळेवर बघितलं म्हणून), शाल उसवलीत, वडिलांची जागा बघून ठेवलीत.

बाबांना काय हवं ते मला ठाऊक आहे. ते तुम्ही मला सांगायची गरज नाही. महिनाअखेरची ने-आण विसरा.

शाल पुन्हा सुरू केली आहे. रागात टाके घट्ट पडतात. पडू देत.

तुमच्या भावाची बायको


२२ मार्च

वन्सं,

तुमचा फोन आला होता असं बाई म्हणाल्या. मी दुकानात होते. तुम्ही रडत होतात असंही म्हणाल्या. त्याबद्दल मला काय वाटायला हवं ते अजून कळलेलं नाही.

मागच्या पत्रात मी एक वाक्य लिहिलं होतं, बाबांना काय हवं ते मला ठाऊक आहे. ते खोटं नव्हतं. खरंच ठाऊक होतं. तुम्हाला सांगितलं नाही.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी त्यांना विचारलं होतं. मी हातात पत्र घेऊन, तावातावाने, दारातूनच: “बाबा, तुमच्या लेकीने तुमच्यासाठी संस्था बघितली आहे. जायचंय तिकडे?” माझा आवाजच असा होता, की कुणीही नाही म्हटलं असतं. त्यांनी गुंडा बाजूला ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बरोबर.”

खालच्या पट्टीत. सावकाश.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी उलटं विचारलं, “म्हणजे इथेच राहायचं ना?” तर कठड्यावर हात आपटून, चढं, “बरोबर!”

म्हणजे नाही.

ज्या कानांच्या जोरावर मी तुम्हाला दोन-दोन पानं सुनावत होते, त्याच कानांनी मला हे ऐकवलं. तुम्हाला तर काही कळलंच नव्हतं, आंधळ्याने दगड मारावा तसं तुम्ही ‘होकार’ लिहून मोकळ्या झालात, आणि दगड नेमका लागला! वन्सं, तुम्ही चुकला असतात तर मला किती बरं वाटलं असतं!

मग दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. सगळं केलं, वेळच्या वेळी केलं, पण भांडी आपटत. कूस वळवताना हात जड पडला असेल. आजारी माणसावर राग काढणारी मी पहिली नसेन, पण स्वतःला असं बघायला नको वाटतं. त्यातच तुम्हाला ते दुसरं पत्र लिहिलं. बाईंनी एकदा विचारलं, “काय झालंय ताई, घरात कुणी मेलंय का?” मी त्यांच्यावरही ओरडले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या माझ्यासाठी नाही, बाबांसाठी, असं दारातच सांगून आत गेल्या.

रविवारी मी विणायला घेऊन बसले. बाबा जेवत होते. जेवणं थांबवून त्यांनी डावा हात पुढे केला आणि शालीची कड चिमटीत धरली. कापड बघावं तशी ओढून बघितली. ताणेना. जाळी म्हणजे हवा खेळायला हवी, ही पोत्यासारखी झाली होती. “बरोबर!” चढ्या आवाजात. चुकलं.

मी म्हटलं, “दिसतंय मला.” आणि त्यांच्यासमोरच सुई काढली आणि उसवायला घेतलं. ओढत गेले आणि ते गुंडाळत गेले. एका हाताने, मांडीला घासून, सैलसर.

उसवताना माझं डोकं जरा थंड झालं असावं. मी विचारलं, “मी काही कमी केलं का?” हात आपटला. नाही.

“मला त्रास नको, म्हणून जाताय?”

काहीच नाही. ना चढं, ना खालचं. माझ्याकडे बघत राहिले.

मग मला जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. “वन्संजवळ राहायचंय?”

“बरोबर,” म्हणाले. इतक्या हळू, की मीच ऐकू शकले. आणि डोळ्यातून पाणी आलं, ते त्या हाताने पुसायचं म्हणून गुंडा खाली पडला.

तेव्हा कळलं. तुम्ही शाल उसवत होतात आणि ते ओरडत होते, तेव्हाही तुम्ही बसला होतात तिथे त्यांना हव्याच होतात. डबे चुकीचे लावा, गुंडा टोपलीत टाका, काही करा. तुम्ही त्यांची लेक आहात. मी दोन वर्षं त्यांचा एकुलता एक शब्द उलगडत बसले आणि त्या शब्दात शेवटी तुम्ही निघालात.

हे लिहिताना मला चीड येते. चीड कुणावर ते विचारू नका. त्यांच्यावर, तर म्हाताऱ्या माणसाला लेक आठवली यात त्यांचं काय चुकलं? तुमच्यावर, तर तुम्हाला तर हे कळलेलंही नाही. माझ्यावर येते ती मात्र खरी, कारण त्या रविवारी त्यांनी ‘बरोबर’ म्हटलं तेव्हा माझ्या आत कुणी तरी खांद्यावरची गोणी खाली ठेवावी तसं हलकं वाटलं. उद्या सकाळी मी उठून आधी चहा पिऊ शकेन, असा विचार मनात आला. त्यांचे डोळे पुसायच्या आधी आला. मी आले तेव्हापासून या घरात कुणी मला ‘तुला काय हवं’ असं विचारलेलं नाही, आणि ज्या दिवशी मला हवं ते मिळालं त्या दिवशी ते असं मिळालं, की हातात धरवत नाही.

ह्यांचा फोन मी काल उचलला. “बाबा जाताहेत, सुट्टी काढून या आणि बापाला स्वतः उचलून गाडीत ठेवा,” एवढं सांगितलं. या खेपेला मध्ये घेऊ नका म्हणाले नाहीत. येतो म्हणाले.

तर आम्ही ३१ तारखेला दुपारपर्यंत पोचतो. आता मी सांगते ते नीट वाचा, मध्ये बोलू नका.

बाबा त्या संस्थेसाठी येत नाहीयेत, तुमच्यासाठी येताहेत. रविवारी फळं घेऊन भेटायला जाणारी मुलगी त्यांना नको आहे. तुमच्या घरापासून ती जागा चालत जाण्यासारखी आहे असं तुम्हीच लिहिलंय, तर रोज चाला. वसतिगृहाच्या मुली तुमच्याशिवाय तासभर जगतील. जेवणाच्या वेळी जा. समोर बसा, पण भरवू नका. हातात काही तरी काम असू द्या, नुसतं टक लावून बघितलेलं त्यांना आवडत नाही. पहिले चार दिवस मी तिथे थांबेन आणि तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. मी त्यांना प्रश्न विचारेन, आणि ते काय म्हणाले ते तुम्ही मला सांगायचं. चुकलात तर मी पुन्हा विचारायला लावीन. तिथल्या नर्सबाईंनाही बसवा. तुम्हाला बरोबर ऐकू येईपर्यंत मी परत निघणार नाही, दुकानात तसं सांगून ठेवलं आहे. मालक कुरकुरले. कुरकुरू देत.

तुमच्याकडे जेवायला येईन, राहायला येणार नाही. जवळपास एखादी खोली बघून ठेवा.

शाल सोबत आणते आहे. तुम्ही उसवायच्या आधी होती तेवढीही अजून झालेली नाही, पण या खेपेला टाके सैल पडताहेत. तिला हात लावू नका.

आणि एक. मी तिथे आल्यावर गप्प बसले तर माझा राग गेला असं समजू नका. घरात मी इतकी वर्षं गप्प बसले ते पटलं म्हणून नव्हे, आणि तुम्ही सगळ्यांनी ते पटलं असंच धरलंत. तेव्हा मी गप्प असले तर विचारा. विचारलंत आणि मी ओरडले, तर उठून जाऊ नका.

येते.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमचीच,
वहिनी